वजन टाकल्याशिवाय ओके नाही

ओके हा शब्द आमच्या गावात पाण्याच्या पंपाबरोबर आला. पंप बसवायला बाहेरून एक मेकॅनिक आला होता. त्यानं दिवसभर ठाकठोक केली, संध्याकाळी बटण दाबलं. नळातून आधी खोकल्यासारखी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. तेव्हा कुठे त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "ओके!" आम्ही पोरं भोवती उभी. आम्हाला वाटलं, नळाच्या पाण्याला इंग्रजीत ओके म्हणतात. झालं! दुसऱ्या दिवसापासून नळ सुटला की गल्लीभर आरोळी, "ओके आलं, ओके आलं!" आणि बायका भांडी घेऊन धावत सुटायच्या. माझी आई तर शेवटपर्यंत विचारायची, "का रे, ओके गेलं का?"

पुढे शाळेत मास्तरांनी खरा अर्थ सांगितला. बरोबर, ठीक, चालेल. मास्तरांचं इंग्रजी तेवढंच होतं आणि आमचं त्याहून कमी, त्यामुळे वाद झाला नाही.

पण शहरात येऊन राहिल्यावर कळलं की हा शब्द बरोबर आणि ठीक एवढ्यावर थांबणारा नाही. न्हावी केस कापून झाले की मागं आरसा धरतो आणि म्हणतो, "ओके?" तिथं ओकेच म्हणावं लागतं. कापलेले केस काय परत चिकटवणार आहे तो? डॉक्टर कागदाकडे बघत नुसतंच लांब "ओऽके" म्हणतात तेव्हा आपण मनात मृत्युपत्र लिहायला घेतो. माझी नात फोनवर "ओके आजोबा" म्हणाली की समजायचं, आजोबांनी आता पुरे करावं. हल्ली ती निरोप लिहिताना नुसतं 'के' लिहिते. ओ कुठं गेला म्हणून विचारलं तर म्हणते, वेळ नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, आपल्याकडे शब्द दोनदा म्हटला की तो वाढतो. गरम गरम म्हणजे चांगला चटका बसेल असं. पण "सिनेमा कसा होता?" "ओके ओके." म्हणजे नसता बघितला तरी चाललं असतं! दोनदा म्हटल्यावर निम्मा होणारा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही.

तर असा हा स्वस्त शब्द. दिवसभरात आपण किती वेळा फेकतो, हिशेब नाही. पण आमच्या समोरच्या दारात एक माणूस राहतो, ज्यानं हा शब्द आयुष्यभर जपून वापरला. त्याचीच ही गोष्ट. इमारतीतली पोरं त्याला शिडीमामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो.

मामा शिड्यांच्या कारखान्यात कामाला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकाला ॲल्युमिनियमचे पाइप कापतात, मध्ये पायऱ्या बसवतात, रिव्हेट मारतात, खाली रबरी टोप्या घालतात आणि दुसऱ्या टोकाला मामा उभा. मी दोन-चारदा डबा पोचवायच्या निमित्तानं गेलोय आणि डबा देऊन झाल्यावरही तासभर बघत बसलोय. मामा प्रत्येक शिडी भिंतीला लावायचा. दोन्ही उभ्या दांड्यांवरून तळवा फिरवायचा, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग चढायचा. प्रत्येक पायरीवर पूर्ण वजन टाकून थांबायचा. अगदी वर गेल्यावर कमरेनं एक झोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचा. मग सावकाश खाली उतरायचा आणि यंत्रांच्या आवाजातही ऐकू जाईल असा ओरडायचा, "ओके!"

पलीकडे पॅकिंगवाली ताई कमरेला कात्री खोचून तयार असायची. ओके ऐकलं की तिची कात्री चालायची, चिकटपट्टी सर्रकन फाटायची, शिडी गुंडाळून बाहेर. आणि मामाला शिडी पटली नाही तर तो तोंडातून अक्षर काढायचा नाही. नुसती शिडी आडवी करायचा. कारखान्यात ओकेच्या विरुद्ध शब्दच नव्हता. आडवी केली, एवढंच.

मी एकदा म्हटलं, "अरे, सगळ्या एकाच साच्यातल्या शिड्या. दहातली एक बघितली तर नाही चालणार?"

मामा म्हणाला, "चढणाऱ्याच्या हातात दिवा असतो, रंगाचा डबा असतो. तो वर बघत असतो. खाली बघायला कुणीतरी नको का?"

मी रिकामा डबा उचलला आणि निघालो.

आता एवढं ओके कारखान्यात ओरडून झाल्यावर घरी आणायला काही शिल्लक उरत नसावं. मामी स्वयंपाक करून विचारायची, "कशी झालीय भाजी?" उत्तर, "खातोय ना." लेक परीक्षेत पहिली आली. मामा म्हणाला, "पुढचं वर्ष बघू." घराला नवा रंग दिला तेव्हा मामी कौतुकानं म्हणाली, "आता तरी ओके म्हणा!" तर हा भिंतीला हात लावून म्हणतो कसा, "पावसाळा जाऊ दे."

मामी चिडायची. तिचं चिडणं आमच्या घरापर्यंत स्वच्छ ऐकू यायचं, मध्ये दोन दारं असून नसल्यासारखी.

"त्या निर्जीव शिडीला दिवसातून किती वेळा ओके म्हणता! मला एकदा म्हणायला जीभ झडते का?"

"अगं, वजन टाकून बघितल्याशिवाय मी म्हणत नाही."

"मग टाका वजन! या संसाराचं सगळं वजन कुणाच्या खांद्यावर आहे, ते दिसत नाही वाटतं!"

मग मामा हळूच आमच्याकडे चहाला यायचा.

आणि एक दिवस मामा कारखान्यातच बसला तो उठला नाही. नशीब, शिडीवर नव्हता, डबा खात होता. अर्धांगवायूचा झटका. इस्पितळातून घरी आणला तेव्हा उजवा हात गेलेला, उजवा पाय ओढतोय आणि वाचा पूर्ण बंद. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द आत आहेत, बाहेरची वाट बुजलीय. हात-पाय सावकाश येतील. बोलणं मात्र लवकर सुरू व्हायला हवं, जितका उशीर तितकं अवघड.

तेव्हापासून त्या घराला एकच ध्यास. मामानं बोलावं.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. गोड स्वभावाच्या, चष्म्याच्या, सोबत चित्रांची पिशवी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "यांच्या तोंडात नेहमी असायचा असा एखादा शब्द सांगा. रुळलेला शब्द आधी येतो."

मामी आणि लेक एकदम म्हणाल्या, "ओके!"

बाई खूश. "वा! सोपा आहे. ओठ गोल करायचे, की झालं." आणि घरात ओकेचा पूर आला. लेकीनं सकाळी चहा दिला की म्हणायची, "बाबा, चहा ओके?" औषध घेतलं, "ओके!" उशी सरळ केली, "ओके!" शेजारीपाजारी भेटायला यायचे तेही दारातूनच, "काय मामा, ओके ना?" मीही त्यातलाच. मी तर माझी पंपाची गोष्ट सांगून शेवटी हात वर करून ओके ओरडायचो, की हा माझ्यामागून म्हणेल.

मामा काही म्हणेना. उलट जसजसं आम्ही ओके ओके करू लागलो, तसतसा तो तोंड भिंतीकडे फिरवू लागला. आधी निदान डोळ्यांनी हसायचा, तेही बंद झालं. बाई चित्र दाखवायच्या, तो डोळे मिटायचा. एकदा बाई जाताना मामीला हळू आवाजात म्हणाल्या, "प्रयत्नच करत नाहीत. मनानं हरले तर कठीण होईल."

त्या दिवशी मामी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. रडली नाही. नुसतं म्हणाली, "भांडायला तरी बोलावं हो माणसानं."

तिकडे कारखान्यातही वेगळीच पंचाईत. मालकांनी दुसऱ्या माणसाला शिड्यांवर चढवलं. तोही बिचारा चढायचा, उतरायचा, पण ओके म्हणताना त्याचा आवाज असा निघायचा की प्रश्नच विचारतोय. पॅकिंगवाली ताई म्हणायची, "नक्की का?" तो म्हणायचा, "वाटतंय तरी." ताई कात्री कमरेला खोचायची. "वाटतंयवर माझी कात्री चालत नाही." मालक ओरडले तेव्हा चालवायची, पण मन नसायचं.

हे सगळं मला ताईनंच सांगितलं. ती मामाला बघायला आली होती. आम्ही दोघं बाहेर जिन्यात उभे राहून बोलत होतो. मी म्हटलं, "बघ की, एवढा साधा शब्द, आम्ही सगळे घसा कोरडा करतोय, पण हा म्हणत नाही."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "आजोबा, कशाला ओके म्हणायला सांगता तुम्ही त्यांना?"

"कशाला म्हणजे? असंच. चहाला, उशीला."

"आणि ते म्हणतील?" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "हात उचलत नाही, पाय उचलत नाही, आणि तुम्ही येऊन सांगता, म्हणा ओके! कशावर चढून बघितलं त्यांनी? अहो, त्यांच्या दृष्टीनं तुम्ही आडवी शिडी उभी करून गुंडाळायला सांगताय!"

मी तिथंच पायरीवर बसलो. इतक्या वर्षांची समोरासमोरची दारं, रोजचा चहा, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये!

ताई म्हणाली, "मी एक शिडी घेऊन येते. बोलायचं राहू दे, निदान हात तर लावतील."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ताई आणि रिव्हेट मारणारा, दोघं कारखान्याची एक कोरी शिडी घेऊन आले. आता आमच्या इमारतीचा जिना म्हणजे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं श्वास आत घ्यावा लागतो. शिडी पहिल्या वळणावरच अडकली. ताई खाली, रिव्हेटवाला वर, मध्ये शिडी तिरकी. प्रत्येक मजल्यावरून सल्ले सुरू झाले.

"उभी करा, उभी!"

"उभी केली तर दिवा फुटेल!"

"दिवा कधीचाच गेलाय, खुशाल फुटू दे!"

"मागं घ्या. ओके, ओके, आता पुढं!"

"कुणाचं ओके ऐकू? एकानं बोला!" खालून ताई.

हा गोंधळ ऐकून मामानं मान वळवली. बऱ्याच दिवसांनी. लेकीनं खुर्ची ओढून त्याला दारात बसवलं. शेवटी शिडी कशीबशी वर आली आणि आमच्या दोन दारांच्या मधल्या जागेत भिंतीला लागली. मामा तिच्याकडे बघत होता. वरपासून खालपर्यंत, खालपासून वर.

एवढ्यात लेकीला काय वाटलं कोण जाणे. ती म्हणाली, "शिडी आलीच आहे तर हा जिन्यातला दिवा बदलून टाकते." आतून नवा दिवा आणला, तो हातात धरला आणि चढली. एक पायरी, दोन, तीन. वर बघत.

"उतर!"

आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो, कोण ओरडलं? रिव्हेटवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"उतर!" पुन्हा. आणि या वेळी आम्ही बघितलं. मामा. खुर्चीच्या कडेला सरकलेला, डावा हात पुढं, चेहरा लालबुंद. शब्द जरा वाकडा होता, पण हुकूम सरळ होता.

लेक शिडीवरच रडायला लागली. "बाबा, बोललात!"

"उ-तर!" बाबा आणखी तापले.

"अगं, उतर आधी!" मामी किंचाळली. "नंतर रड!"

लेक उतरली. मामानं तिचा हात धरून तिला बाजूला केलं. मग खुर्चीतूनच पुढं वाकून त्यानं डावा तळवा शिडीच्या दांड्यावर ठेवला आणि वरून खाली फिरवला. सांगायची गोष्ट म्हणजे शिडी धडधाकट होती. तिच्यात काही खोट नव्हती, निदान कुणाला सापडली नाही. पण तिच्यावर अजून कुणी वजन टाकलं नव्हतं आणि त्याची लेक हातात दिवा घेऊन वर बघत होती. त्याला बोलायला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाई आल्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी चित्रांची पिशवी पलंगाखाली ढकलली आणि म्हणाल्या, "मग आपण शिडीवरच बोलू." शिडी राहिली तिथंच. ताई सुट्टीच्या दिवशी येऊन चढायची, मामा दांडा धरून खाली बसायचा आणि एकेक शब्द सुटत जायचा. थांब. हळू. नको. पुढं नको. डावीकडं नको. बाईंनी एकदा हसत विचारलं, "यांचे सगळे शब्द मनाईचेच कसे हो?"

मामी म्हणाली, "बाई, आजारापूर्वीही असंच होतं. म्हणजे बरे होताहेत."

शब्दांचं असं जमत गेलं. ओके मात्र आलं नाही. ताई वर चढून झोका द्यायची, उतरायची, आशेनं बघायची. मामा मान हलवायचा आणि स्वतःच्या पायाकडे बोट दाखवायचा. म्हणजे, मी स्वतः चढलो नाही. मग कसं म्हणू? आम्हीही आता शहाणे झालो होतो, कुणी आग्रह केला नाही. पण मामी कधीकधी दारात उभी राहून त्या शिडीकडे असं बघायची की जणू सवतच आणून ठेवलीय.

पायाचा व्यायाम घ्यायला जे यायचे त्यांनी एक दिवस सांगितलं, आता खोलीत चालणं पुरे, जिना उतरायला हवा. डावा हात कठड्यावर, उजव्या बाजूला कुणाचा तरी खांदा. मामी पुढं झाली. मामानं आता थोडाफार उचलू लागलेला उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला, पण कसा? चिमणी बसावी तसा. सगळा भार कठड्यावर आणि डाव्या पायावर.

"टाका ना वजन," मामी म्हणायची.

"नको."

"मोडत नाही मी!"

"प... पडशील."

दोन-चार पायऱ्या उतरून परत वर, असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी मालकांचा निरोप आला. मामांनी नुसतं येऊन बसावं, खुर्ची ठेवतो, दांडा धरायचा, चढायचं काम ताई करेल, मग त्यांनी सांगावं. मामाच्या चेहऱ्यावर मी इतक्या महिन्यांनी पूर्वीचा मामा बघितला. पण कारखान्यात जायचं तर जिना पूर्ण उतरायला हवा, आणि आमच्या जिन्याला शेवटच्या वळणानंतर कठडाच नाही. दोन्हीकडे नुसती भिंत, गुळगुळीत.

ठरल्या दिवशी खाली कारखान्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. ताई दारात वाट बघत होती. मामी-मामा उतरायला लागले. मी मागं, लेक पुढं, पडले तर झेलायला. आम्ही काय झेलणार होतो देव जाणे! वळणापर्यंत आले. कठडा संपला. मामानं हात पुढं केला, तिथं काहीच नव्हतं. तो थांबला.

मामीही थांबली. या वेळी तिनं टाका म्हटलं नाही. फक्त पदर खोचला, एक पायरी खाली उतरली, दोन पाय रोवले आणि खांदा पुढं केला.

मामानं तिच्याकडे बघितलं. मग डावा तळवा तिच्या खांद्यावर ठेवला, दंडावरून खाली कोपरापर्यंत फिरवला आणि परत खांद्यावर आणला. आणि वजन टाकलं. सगळं. मला मागून दिसलं, मामी किंचित दबली, डोलली आणि स्थिर झाली.

एक पायरी. थांबले. दुसरी. थांबले. प्रत्येक पायरीवर पूर्ण वजन आणि प्रत्येक पायरीवर एक थांबा. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर आले तेव्हा मामीचा चेहरा घामानं डबडबला होता आणि मामा कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखा उभा होता. त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"ओ..." तो म्हणाला. ओठ गोल झाले आणि तिथंच राहिले. मामीनं मान वर केली. "...के."

मामीच्या तोंडाला लगेच धार आली, कारण डोळ्यांना आली होती ती लपवायची होती. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं. कारखान्यात कसं सगळ्या शेडला कळेल असं ओरडता! मलाच बरं कानात!"

मामानं छाती भरून श्वास घेतला.

"ओके!"

असा निघाला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. मला तर एकदम नळाला पाणी आल्यासारखं वाटलं, भांडी घेऊन धावावं की काय! आणि दारात उभी असलेली पॅकिंगवाली ताई, तिचा हात सवयीनं थेट कमरेच्या कात्रीवर गेला.

"ए बाई!" मामी डोळे पुसत ओरडली. "मला नको गुंडाळूस! मी इथंच राहणार आहे, यांच्याजवळ!"